नको म्हणालो ते पांघरूण

तीर्थरूप आबा,

एका पांघरुणाला मी "नको" म्हणालो, ते काय भावात पडलं ते आधी सांगतो. एक म्हातारी दुखावली, तुमच्या नातीनं गाडीत माझ्याशी अबोला धरला, आणि सोनपेठला परत येऊन पंधरवडा झाला तरी माझं दुकानात चित्त लागंना. गिऱ्हाईक पाइप मागतं, मी नळ काढून देतो. म्हणून तुम्हाला लिहायलोय.

माझी सुनीता कॅनडात स्कीना नदीच्या काठी नर्स आहे, हे तुम्हाला माहीत होतं. मी तिच्याकडंच गेलो होतो. तिथले त्सिम्शियन लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमार, आपल्यासारखेच. नदी जिथं अरुंद होते तिथं त्यांच्यातल्या एका गावाची हुकमत असायची. त्यांना विचारल्याशिवाय कुणाची नाव वर जात नसे. मधे कितीतरी वर्षं सरकारनं त्यांच्या मोठ्या पंगतींवर बंदी घातली होती. जेवायला बसण्यावर कसली बंदी, असं मला वाटलं. तिथं बसल्यावर कळलं.

सुनीताच्या ओळखीच्या एका आजींच्या घरची पंगत होती. आजींनी उभं राहून घराण्याची कहाणी सांगितली, कुठून आले, नदीच्या कुठल्या वळणावर थांबले. त्यांच्यात घराणं आईकडून चालतं. सुनीता माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. मग त्यांनी मला विचारलं, तुमचे लोक कोण?

आबा, मी सोडतो का! म्हणालो, आमी भोई, आमची गंगा, म्हणजे गोदावरी, तुमच्या नदीला हार जाणार नाही. माझ्या पणज्यानं भर पुरात निजामाच्या तहसीलदाराला एकट्यानं पार नेलं, काठच्या दुसऱ्या कुणाची छाती झाली नव्हती. आणि माझे कान असे, की एकदा ऐकलं ते पक्कं. लोक लय खूश झाले.

शेवटी आजी प्रत्येकाला काहीबाही देत आल्या. मला पांघरूण. मी आपल्या रीतीनं मागं सरलो, "नको नको, कशाला उगी." आपल्याकडं दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं असतं ना? आजींनी दुसऱ्यांदा पुढं केलंच नाही. घडी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

सुनीता घर आल्यावर बोलली. "पप्पा, ती भेट नव्हती. त्यांनी सांगितलेलं तुम्ही ऐकलं, त्याची खूण होती. उद्या कुणी ते खोटं म्हणालं तर पाहुण्यांनी उभं राहायचं असतं. तुम्ही साक्षच नाकारली."

दुसऱ्या दिवशी जाऊन मागून घेतलं. आजी हसल्या. पण माझं चित्त तेव्हापासून आपल्या वस्तीवर.

तुम्ही पालथ्या नावेवर बसून भोयांची कहाणी सांगायचात, आणि संपली की आम्हा पोरांच्या मुठीत फुटाणे कोंबायचात. "खाल्लंस ना? मग आता इसरायचं न्हाई." आम्हाला तो लाड वाटायचा. साक्षीदार करीत होतात होय आम्हाला? सरळ सांगितलं का नाही, आबा?

बाकीची पोरं कुठं कुठं पांगली, आणि तुमच्या गेल्यानं ती कहाणी ऐकलेले इथं दोघंच उरलो, मी आणि तुमची बहीण सोनाआत्या. तिची नजर गेली, कान शाबूत आहेत. बंधाऱ्याचं पाणी चढल्यानं वस्ती माळावर हलायलीय. तिथं वाढणाऱ्या पोरांना आपण काठावर का होतो, हे कोण सांगणार? मी आडवा झालो की हाच प्रश्न उठून बसतो.

तुमच्या वर्षश्राद्धाला, वस्ती उठायच्या आधी, सगळ्यांना काठावर जेवायला बसवीन. कहाणी मी सांगीन, आत्याला शेजारी बसवीन, आणि पोरांच्या मुठी मी भरीन. ते कशासाठी, हेही सांगीन. हा माझा शब्द.

तुमचा,
बबन

ता. क. काल आत्यापुढं कहाणी म्हणून बघितली. तहसीलदारापाशी तिनं माझा हात दाबला. "आरं, आजा त्या दिशी तापानं फणफणत घरात पडला व्हता. नाव माझ्या आजीनं नेली, तुझ्या पणजीनं."