शंभूच्या बोटीचा रिमोट

११ जानेवारी २०२५, शनिवार

शंभू आला होता. कुरकुंभच्या कारखान्यातल्या रात्रपाळीवरून थेट, डोळे लाल. म्हणाला, पृथ्वी, बोटीला रिमोट कुठला घेऊ ते तूच सांग, मला त्यातलं कळत नाही. बोट मात्र त्यानं स्वतः केलीय. फायबरची, दीड हात लांबसडक, तोंड दिसावं असं पॉलिश. माझी बोट तिच्याशेजारी ठेवली तर पाण्यात बसलेली म्हैस वाटते! हा छंद त्याला लावला मी. आमच्या शेततळ्यात पहिली बोट सोडली मी. आणि आता आमच्याच घरात जो तो 'शंभूची बोट, शंभूची बोट' करतोय.

तासभर शिकवलं त्याला. खेळण्यातला रिमोट घेऊ नको. रिसीव्हर भिजला तरी चालेल असा घे. अँटेना पाण्याच्या वर राहील अशी उभी लाव. आधी काठावर कमी पॉवरवर रेंज तपास. चालू करताना आधी रिमोट, मग बोट. बंद करताना उलट. सगळं खरं सांगितलं.

एक सोडून. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद व्हावी, याचं सेटिंग असतं — फेलसेफ. मी सुचवलेल्या रिमोटच्या सेटमध्ये ते आपल्या हातानं लावावं लागतं. नाही लावलं तर बोट शेवटचा हुकूम धरून पळत सुटते. जिभेवर आलं होतं. गिळलं.

१२ जानेवारी, रविवार

फोन करून सांगणार होतो. नाही केला.

१९ जानेवारी, रविवार

सेट आणला त्यानं, मी सांगितलेलाच. आज नक्की सांगायचं ठरवलं होतं. पण बोट पाण्यात सोडली आणि — काय पळाली! आप्पा बांधावर उभे होते. माझ्या वडिलांच्या तोंडून कौतुक म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. ते म्हणाले, "पोरगं हुशार हाय." मला या जन्मात कधी म्हणाले नाहीत.

मग नाहीच सांगितलं. २६ जानेवारीला शर्यत आहे. फार तर बोट भरकटेल, चार लोक हसतील. तेवढंच हवंय मला. लिहिताना लाज वाटते. पण हवंय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून अर्धा गाव तळ्यावर. शंभू पुढे, मी मागे. पलीकडच्या कोपऱ्यात त्याचा सिग्नल तुटला. तो रिमोटची दांडी मागे ओढत राहिला, बोट ऐकेना. भरधाव जाऊन काठावर आपटली, तळ्याच्या प्लास्टिक कागदाच्या घडीत अडकली, आणि पितळी पंखा तिथेच गरगरत राहिला. लांब बांबूनं ओढून काढेपर्यंत कागद हातभर फाटला होता.

उन्हाळ्यात आमच्या डाळिंबाला हेच पाणी. आप्पा तडक शंभूकडे गेले. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तरी सगळ्यांदेखत म्हणाले, "मेंढरं हाकायची सोडून बोटी हाकायला कुणी सांगितलं तुला?"

शंभू मान खाली घालून म्हणाला, "चुकलं आप्पा."

मी शेजारीच उभा होतो. हातात माझा रिमोट. तोंड उघडलं नाही.

वर पहिला नंबर मला दिला! बक्षिसाचा नारळ सुलक्षणानं देवापुढे ठेवलाय. बायकोला काय सांगू?

२७ जानेवारी, सोमवार

पाणी कागदाखाली शिरलं, मुरूम ढासळला, चीर खालपर्यंत गेली. अर्धं तळं रिकामं. आप्पा घरात कुणाशी बोलत नाहीत. एकदाच बोलले, शंभूला पुन्हा बांधावर पाय ठेवू देणार नाही म्हणाले. मी व्हय म्हणालो. व्हय!

२८ जानेवारी, मंगळवार

जेवण गेलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

पाटसच्या स्टँडवर शंभू भेटला. मला चुकवून निघून जाईल वाटलं होतं. उलट तोच जवळ आला. प्लास्टिक जोडायची गरम हवेची गन त्यानं रविवारपुरती मागून आणलीय, कागद तो जोडून देणार. आप्पांना तेवढं तयार कर म्हणाला.

मी कसंबसं म्हणालो, अरे शंभू, ते फेलसेफ —

"ठावं हाय. दुकानदार फोनवर म्हणला व्हता, फेलसेफ लावून घ्या. मीच न्हाई लावलं. म्हणलं, गरजेचं असतं तर पृथ्वीनं सांगितलं असतं."

बोलण्यात कुठे टोमणा नाही. संशय नाही. वर मलाच समजावून गेला, तू मनाला लावून घेऊ नको. बस आली, तो चढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आप्पा तयार झाले. उद्या येऊ दे म्हणाले.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. तळ्याच्या बांधावर, दोघांसमोर. विसरलो नव्हतो, मुद्दाम सांगितलं नाही, जळत होतो — सगळं. आप्पा मटकन खाली बसले. शंभूनं गन उचलली आणि कामाला लागला. ओला कागद फार निसरडा, म्हणून उतरणारा कमरेला दोर बांधतो आणि वर एकजण तो धरून बसतो. त्यानं गाठ मारली. दुसरं टोक मी हातात घेतलं.

तो उतरेना. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आप्पा, दोर तुम्ही धरा."