गायी भरवण्याचा दाखला डॉक्टरकीत धरण्याबाबत

प्रति,
माननीय कौटुंबिक न्याय आयुक्त,
काउंटी न्यायालय, दुसरा मजला,
केटल बेंड, विस्कॉन्सिन

विषय: कु. विनी झास्ट्रो हिच्या जन्माच्या कामी अर्जदारास डॉक्टर मानण्याबाबत. ते जमत नसल्यास अर्जदारावर फौजदारी गुन्हा नोंदवण्याबाबत.

संदर्भ: विनीचा बाप कोण, याविषयी आपण जानेवारीत दिलेला आदेश.

महोदया,

१. खाली सही करणारा मी, व्हर्लिन टॉर्गरसन, वय एकसष्ट, विधुर, या काउंटीत गायींच्या कृत्रिम रेतनाचे, म्हणजे गायी भरवण्याचे, काम करतो. रीतसर प्रशिक्षण घेतल्याचा दाखला माझ्याकडे आहे. आपल्या कार्यालयात कॉफीत जे दूध पडते, त्यातल्या बऱ्याच दुधामागे माझा हात आहे. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. किंवा थोडे मोठेपणासाठीही असेल, कारण हे सारे प्रकरण माझ्या मोठेपणाच्या हौसेतूनच उभे राहिले आहे.

२. जोलीन झास्ट्रो आणि ट्रूडी व्हीडरहोल्ट या माझ्या शेजारणी. दोघी मिळून दूधधंदा करायच्या, एका घरात राहायच्या आणि एकमेकींच्या होत्या. त्यांना मूल हवे होते. त्यासाठीचा दवाखाना मॅडिसनला, आणि सकाळ-संध्याकाळच्या धारांमध्ये मॅडिसनला जाऊन येणे होत नाही. एक दिवस ट्रूडीने मला तिच्या स्वयंपाकघरात विचारले, “व्हर्लिन, याला डॉक्टर लागतोच का हो?” त्या वेळी मी “वकिलाला विचार” एवढे म्हणालो असतो तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. मी हसलो. म्हणालो, “डॉक्टर? अगं, डॉक्टर जन्मात करणार नाही तेवढं मी एका आठवड्यात करतो. तू कॉफी ठेव.” नोव्हेंबरातला हरणांच्या शिकारीचा आठवडा असल्याने माझा मुलगा डॅरेल नॉर्थ डकोटाहून घरी आला होता आणि तिथेच केक खात बसला होता. बीज कोणाचे घ्यायचे असा प्रश्न निघाला तेव्हा तो म्हणाला, “माझं काय जातंय? पण पोराला माझं नाक मिळालं तर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत.”

३. प्रत्यक्ष कार्यवाही पुढीलप्रमाणे झाली. बाहेर कडाक्याची थंडी असल्याने डॅरेलने दिलेला नमुना मी शर्टाच्या आत काखेत धरून आमच्या घरून त्यांच्या घरी नेला. गायींच्या बाबतीतही आम्ही असेच करतो. मी मागच्या दारापाशी, जिथे बूट काढतात तिथे, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि सूचना दिल्या. आत हातचे काम ट्रूडीने केले. मला कामात गायींशी बोलत राहायची सवय आहे. जोलीन आतून ओरडली, “व्हर्लिन, मला ‘शाब्बास गं माझी बाय’ म्हणालात तर बघा हं!” आम्ही तिघेही इतके हसलो की काम थोडा वेळ थांबवावे लागले. ख्रिसमसच्या सुमारास आनंदाची बातमी आली. मी सवयीने “गाभण राहिली का?” असे विचारले आणि ट्रूडीने मला दारातूनच परत पाठवले. पुढच्या ऑगस्टात विनी जन्मली; आता ती चार वर्षांची आहे. नाक डॅरेलचेच आहे.

४. जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून जोलीनचे एकटीचे नाव लागले. दोघींचे लग्न व्हायचे होते. पण गवताची कापणी संपली की मक्याची सुरू व्हायची, मका संपला की कुठलीतरी गाय आजारी पडायची, आणि मोकळा आठवडा काही सापडला नाही. गेल्या डिसेंबरात बर्फावरून गाडी घसरून जोलीन गेली. ट्रूडीने विनीचे पालकत्व मिळावे म्हणून आपल्याकडे अर्ज केला, आणि साक्षीसाठी मला बोलावणे आले.

५. मी इस्त्रीचा शर्ट आणि अंत्यविधीला घालतो तो टाय घालून आलो होतो. आपण विचारलेत, “त्या वेळी डॉक्टर हजर होते का?” मला वाटले, काम अडाण्यासारखे झाले की नीट झाले, हे आपल्याला पाहायचे आहे. मी छाती पुढे काढून सांगितले, “डॉक्टर कशाला, बाईसाहेब? मी होतो ना! पहिल्याच खेपेला काम झालं.” आपण ते लिहून घेतलेत. ट्रूडीने डोळे मिटले. मला वाटले, ती देवाचे आभार मानते आहे.

६. ट्रूडीच्या वकीलबाईंनी मला न्यायालयाच्या पायऱ्यांवर कायदा समजावला. बीज परवानाधारक डॉक्टरच्या हाती दिले असेल तर देणारा बाप ठरत नाही. माझ्या काखेत दिले असेल तर ठरतो. म्हणजे डॅरेल बाप, मी आजोबा, आणि जिने विनीला पहिल्या रात्रीपासून मांडीवर घेतले ती ट्रूडी कायद्याने शेजारीण. डॅरेल फोनवर म्हणाला, “बाबा, मी इथे तेलविहिरीवर कामगारांच्या पत्र्याच्या डब्यात राहतो, पोरगी कुठे ठेवू?” म्हणून आपल्या आदेशाने विनी तूर्त माझ्या घरी आहे.

७. सबब पहिली विनंती अशी की, माझा रेतनाचा दाखला त्या एका दिवसापुरता डॉक्टरच्या परवान्यासमान धरावा. मी आजवर भरवलेल्या प्रत्येक गायीच्या पावतीवर वळूचे नाव लिहिले आहे, आणि अजून एकाही वळूला कोणी वासराचा ताबा दिलेला नाही. गुरांच्या बाबतीत जे शहाणपण चालते ते माणसांना का चालू नये, हे मला कळत नाही.

८. हे मान्य नसल्यास दुसरी विनंती अशी की, परवाना नसताना वैद्यकी केल्याबद्दल मला अटक करावी. मी केले ते डॉक्टरचे काम असेल, तर डॉक्टरचे काम झाले असे सरकारनेच कबूल केल्यासारखे होते. आणि ते डॉक्टरचे काम नसेल, तर तिथे डॉक्टर नव्हता म्हणून ट्रूडीला शिक्षा कशाबद्दल? या संदर्भात मी स्वतः शेरीफकडे हजर झालो होतो. त्यांनी मला कॉफी पाजली आणि सांगितले, “घरी जा, व्हर्लिन. तुला आत टाकला तर माझ्या गायी कोण भरवणार?” तरी आपण त्यांना लेखी आदेश द्यावा.

९. इथवर लिहून मी दोन दिवस अर्ज तसाच ठेवला होता, कारण तो खोटा आहे. त्यातली एकही गोष्ट खोटी नाही, पण अर्ज खोटा आहे. वकीलबाईंनी पायऱ्यांवर आणखीही एक गोष्ट सांगितली होती. डॅरेलने आपला हक्क सोडून ट्रूडीला संमती दिली तर वाट सरळ आहे. वेळ लागेल, पण होईल. डॅरेल त्याच आठवड्यात म्हणाला होता, “बाबा, कुठे सही करू ते सांगा, करून टाकतो.” मी त्याला म्हणालो, “घाई काय आहे?” त्यानंतर त्याने दोनदा विचारले आणि मी दोन्ही वेळा तेच म्हणालो. वरच्या दोन्ही विनंत्या मी शोधून काढल्या, त्या आपण मान्य करणार नाही याची खात्री होती म्हणून. ट्रूडीला तोंड दाखवता यावे, मी काहीतरी करतो आहे असे दिसावे, आणि काही होऊही नये, असा माझा बेत होता.

१०. माझी बायको गेल्यापासून माझ्या घरात कोणी मोठ्याने बोलले नव्हते. आता विनी सकाळी मोजे उलटे घालून ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसते आणि प्रत्येक गोठ्यात गायींना स्वतःचे नाव सांगते. लोक विचारतात, “ही कोण?” मी म्हणतो, “नात.” आपण आदेश वाचून दाखवलात तेव्हा ट्रूडी माझ्या शेजारी विनीचा कोट हातात घेऊन उभी होती, आणि मला आनंद झाला. तो मी लपवला, पण झाला. जोलीनच्या कबरीवरची माती अजून बसलेली नाही, आणि तिची लेक मला मिळाली याचा मला आनंद झाला. मला स्वतःची लाज वाटते.

११. आमच्या भागात शेजारी दार वाजवत नाहीत, हाक मारत आत येतात. मीही त्या दोघींच्या घरात असाच गेलो होतो, वर्षानुवर्षे. आपण ठरवून दिल्याप्रमाणे ट्रूडी दर रविवारी विनीला भेटायला येते, आणि आता ती दार वाजवते. मी उघडेपर्यंत पायरीवर उभी राहते. गेल्या रविवारी विनीने मला विचारले, “मम्मा आता पाहुणी झाली का?” ट्रूडीने ते ऐकले. विनीचे मोजे सुलटे केले, केस विंचरले आणि वेळ संपली तशी आपली आपण निघून गेली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मी त्याच दुपारी डॅरेलला फोन करून सांगितले, “सही कर. आजच कर.” त्याने केली. तो म्हणाला, “बाबा, आधी का नाही सांगितलंत?”

१२. म्हणून कलम ७ व ८ मधील विनंत्या मी मागे घेतो. एकच उरते. कागदपत्रे पुरी होईपर्यंत विनीला माझ्याकडे न ठेवता ट्रूडीकडे, तिच्या स्वतःच्या घरी पाठवावे. तिला न्यायचा दिवस आपण ठरवावा, शेरीफला कळवावा, आणि त्यांनी येऊन तिला घेऊन जावे. तो दिवस कृपया मला विचारून ठरवू नये. विचारलेत तर मी “उद्या” म्हणेन, आणि उद्या विचारलेत तरी “उद्या”च म्हणेन.

मान खाली घालून आपल्या आदेशाची वाट पाहणारा,

व्हर्लिन टॉर्गरसन
केटल बेंड, ११ मार्च

सोबत: डॅरेल टॉर्गरसन याचे सही केलेले संमतीपत्र.
(रेतनाच्या दाखल्याची प्रत जोडलेली नाही. आता तिची गरज नाही.)