ज्याले लागलं त्यानंच म्हनाचं

सर, तुमची आठवण येते म्हणून हे लिहीत नाही. गैरसमज नको. साकोलीच्या हॉलमध्ये तुमच्या फोटोला हार घालायचं काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं, कारण तलवारबाजीची पंच इथे मी एकटीच. फोटोत तुम्ही ब्लेझरमध्ये आहात. भर मे महिन्यातही तो अंगातून काढत नव्हतात. घामाच्या धारा लागायच्या, पण सचिवसाहेबांचा ब्लेझर म्हणजे ब्लेझर!

त्याच्या आधीचे तुम्ही मला ठाऊक आहात, म्हणून तर जास्त चीड येते. तलवार, पोहणं, घोडा, नेमबाजी, धावणं, पाचही खेळांचे चॅम्पियन फौजेतून परत आले आणि आम्हा पोरींना शिकवायला लागले. मी करडी गावची, साकोलीत मावशीकडे राहायची. पोहायला गावचा तलाव, घोडा म्हणून वरातीची घोडी. कुठे बँड वाजला की ती जागच्या जागी नाचायला लागते आणि तुम्ही तिच्यावर ताठ बसून आम्हाला लगाम धरायला शिकवताय. वार लागल्यावर दिवा पेटणारी पेटी तेव्हा आपल्याकडे नव्हती. तुमचा नियम एकच. "ज्याले लागलं त्यानंच म्हनाचं. हात वर कराचा आन् लागला म्हनाचं." एकदा मी गप्प राहिले, तर तुम्ही सगळ्यांसमोर खडसावलंत, "काहून चोरून राहिली वं? वार खाल्ला तं खाल्ला म्हन!" त्या दिवसापासून मी कधी चोरला नाही.

मग तुम्ही संघटनेचे सचिव झालात. राज्याच्या संघासाठी निवड, शेवटची एकच जागा, समोर अध्यक्षांची पुतणी, गुण चार-चार, पाचवा मिळेल ती जिंकणार, आणि पंच तुम्ही. माझ्या तलवारीचं टोक तिच्या छातीवर टेकलं, पातं चांगलं वाकलं. ती गप्प. तुम्ही म्हणालात, "नाही लागला." पुढच्याच वाराला तिचं टोक माझ्या बाहीला जेमतेम घासलं, आणि मी मूर्ख, हात वर करून म्हणाले, "लागला." काय तत्परतेनं गुण दिलात हो सर!

बाहेर नळाजवळ तुम्हाला गाठलं. "सर, तुमाले दिसलं होतं ना?"

"दिसलं पोरी. पन सगळंच बोलाचं नसते."

वर एक ट्रॅकसूट हातात ठेवलात. पाच खेळांचा चॅम्पियन आणि एका अध्यक्षासमोर तोंडातून शब्द फुटेना! असल्या माणसाच्या पाया पडायचे मी रोज सकाळी. तो ट्रॅकसूट मावशीनं फरशी पुसायला घेतला, मी घेऊ दिला. तुम्ही गेलात तेव्हा लोक ढसाढसा रडले. मी मात्र सायकलला हवा भरत होते. खरं सांगते, थू म्हणाले मनात.

आता आपल्याकडे पेटी आहे. परवा तुमच्याच नावाच्या ढालीची स्पर्धा झाली, त्यातूनच राज्याचा संघ निवडायचा होता. शेवटच्या जागेसाठी सिहोऱ्याची एक मुलगी आणि माझी विद्यार्थिनी, सहा वर्षं मी घडवलेली. चार-चार. सिहोऱ्याच्या पोरीचं टोक माझ्या पोरीच्या खांद्यावर बसलं. पातं वाकलं. तार ढिली होती की काय, दिवा लागला नाही. माझी पोरगी गप्प. सिहोऱ्याच्या पोरीनं मुखवटा वर केला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी पेटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "दिवा नाही, गुण नाही." पुढचा वार माझ्या पोरीनं मारला.

यादी समोर पडली आहे. उद्या सकाळी जायची आहे, फक्त माझी सही बाकी आहे. सकाळपासून तुम्हाला शिव्या घालत बसले आहे, कारण ते सोपं आहे. हे पत्र कुठे पाठवणार? तुमचा पत्ता नाही. सिहोऱ्याच्या पोरीचा आहे, तिच्या फॉर्मवर, खाली तिच्या वडिलांचा फोन नंबरसुद्धा. दोनदा लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला.

सर, मला दिसलं होतं.