फक्त बी

बुधवार, २१ जानेवारी. पिंप्राळा, जळगाव.

आज लॅबच्या खिडकीशी एक आजी नवऱ्याचा रिपोर्ट घ्यायला आली. इन्फ्लुएंझा बी, फ्लूचाच एक प्रकार. 'फक्त बी आहे, आजी,' ओठांवर आलंच होतं. गिळलं.

'फक्त' हा शब्द आम्हा लॅबवाल्यांचाच. ए निघाला की सगळ्यांचे चेहरे पडतात, कारण स्वाइन फ्लू त्यातलाच. बी निघाला की हायसं वाटतं. सी तर आम्ही धरतच नाही, सर्दीच ती. पण म्हाताऱ्या फुप्फुसांना ए काय आणि बी काय? हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. सवय झाली होती.

नानांचा, माझ्या वडिलांचा, स्वॅब मीच तपासला होता. धरणगावला फोनही मीच केला. 'नाना, फक्त बी आहे.' घसा बसलेला, तरी हसले. 'मंग भेव नही ना?' मी म्हटलं, 'छे, अजिबात नाही.' मग धाप लागली तरी ते गप्प राहिले. पोरीनं सांगितलंय ना, म्हणून तीन दिवस अंगावर काढलं. चौथ्या दिवशी भाऊ जळगावला घेऊन आला, तेव्हा उशीर झाला होता.

आजीनंही नेमकं तेच विचारलं. 'ताई, भेव नही ना?'

'आहे,' मी म्हटलं. 'धाप लागली तर थांबू नका, लगेच दवाखान्यात आणा.'

ती घाबरून रिक्षाकडे पळाली. पळू दे.

एवढंच तर वाक्य होतं. नानांना फोनवर सांगायला किती वेळ लागला असता?