कपड्याच्या तारेवर फाइव्ह-नाइन

४ नोव्हें., मंगळ

तिसरा मजला, अमरावती. मी अन् सुमन निलेशकडं येऊन आज बरोबर महिना झाला.

सकाळी सुमन देवळात, निलेश ऑफिसात, सूनबाई नातीला शाळेत सोडायला. अर्धा तास घर माझं. तेवढ्यात बाल्कनीतली कपडे वाळवायची दोरी सोडली अन् तिच्या जागी प्लास्टिक चढवलेली तांब्याची तार ताणली. चार फेऱ्या, इकडून तिकडं. एसीच्या भोकातून केबल आत, माझ्या पलंगाखालच्या, बोलायच्या-ऐकायच्या हॅम रेडिओपर्यंत. कोणी पाहिलं तर कपड्याची तार. मी पाहिली तर अँटेना.

त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच्या पोराच्या घरात चोरी करून राहिलो.

निलेशचंही काय चुकलं? अकोल्याच्या घरामागचा टॉवर, चाळीस फूट, माझ्या हातचा. दसऱ्यानंतर वरच्या कप्पीत दोरी अडकली, अँटेना अर्ध्यावर लोंबकळली, म्हणून चढलो. छत्तीस फुटांवर गुडघा धरला. ना वर, ना खाली. कमरेच्या पट्ट्याला पावणेदोन तास लटकून. खाली अख्खी गल्ली. एक जण ओरडला, "काका, चहा पाठवू का वर?" मी म्हटलं, "पाठव, बिनसाखरेचा." सगळे हसले. सुमन हसली नाही.

शेवटी अग्निशमनवाल्यांनी उतरवलं. संध्याकाळी निलेश गाडी घेऊन हजर. "चार दिवस चला बाबा." चार दिवसांचेच कपडे घेतले होते. रेडिओ मात्र घेतला, कपड्याखाली.

६ नोव्हें., गुरु

लागला! साडेसातला तायडे सर लागले!

अकोल्यात बावीस वर्षं रोज सकाळी साडेसातला आमचं दोघांचं बोलणं. ते जठारपेठेतून, मी माझ्या टॉवरखालून. दोन किलोमीटरवर घर, पण बोलायचं रेडिओवरच. महिनाभर खंड पडला. आज बटण दाबलं, हाक दिली, सोडलं. कान लावला. खरखरीतून सरांचा आवाज, जसाच्या तसा: "बबन! फाइव्ह-नाइन! बाजूच्या खोलीत बसल्यावानी!"

म्हणजे शब्द न शब्द कळला अन् जोरही पूर्ण. याच्या वर आकडाच नाही. अन् मी सोडले किती, तर पाच वॅट. जास्त सोडले तर शेजाऱ्यांच्या टीव्हीत खरखर यायची, मग पंचनामा.

आयटीआयमध्ये ज्या माणसानं मला बत्तीस मार्कांवर नापास केलं होतं त्याच्या तोंडून कपड्याच्या तारेला फाइव्ह-नाइन. नाश्त्याला दोन पोळ्या जास्त.

९ नोव्हें., रवि

लोभ सुटला. सोसायटीच्या सेक्रेटरीकडं गच्चीची चावी मागितली.

"चावीले काय नाही काका. पन वर जाऊन काय करान?"

"हवा खाईन."

"हवा बाल्कनीत बी येते नं."

हसून बोलला, मीही हसलो. लिफ्टचं दार लागता लागता त्याचं बायकोशी बोलणं ऐकलं: "निलेशभाऊनं आधीच सांगून ठेवलं, बाबाले चावी देजा नोको."

कान तिखट असण्याचा हा तोटा. उभ्या आयुष्यात जळकी मोटर वासाच्या आधी आवाजावरून ओळखली, त्यावर दुकान उभं केलं, घर बांधलं. आता त्याच कानांनी हे ऐकायचं.

इथं कोणी वाईट नाही. सगळे "बसा" म्हणतात. जिन्यानं निघालो तर "लिफ्टनं जा". लिफ्टनं निघालो तर "कुठं चालले?"

१३ नोव्हें., गुरु

सूनबाईनं आज तारेवर दोन जीन्स, एक चादर, नातीचे आठ मोजे टाकले. सगळं ओलं. साडेसातला मीटर पाहतो तर काटा लाल पट्ट्यात. तारेतून बाहेर जायचा निम्मा जोर परत रेडिओत.

मी म्हटलं, "रश्मी, चादर गॅलरीच्या कठड्यावर टाकली तर?"

"काहून बाबा?"

"लवकर वाळते."

ती तारेकडं पाहत राहिली. मग, "बाबा, ही दोरी आधी निळी होती नं?"

मी पेपरात तोंड घातलं. तिनं चादर उचलून कठड्यावर टाकली. हुशार आहे. एक माणूस कटात आला.

सर तरीही फाइव्ह-नाइनच म्हणाले. चादरीसकट फाइव्ह-नाइन? पण आनंद झाला की माणूस हिशेब तपासत नाही.

१६ नोव्हें., रवि

जेवताना निलेशनं विषय काढला. अकोल्याच्या घराला गिऱ्हाईक आहे. चांगलं आहे, डॉक्टर आहे. फक्त मागचा टॉवर काढून हवा. त्याला तिथं गाडीचं शेड टाकायचं आहे.

"भंगारवाला दोन तासात कापून नेते म्हणते."

मी म्हटलं, "टॉवर कापत नसतात. उतरवत असतात. वरून एकेक तुकडा, ताण सांभाळत." त्याला काय कळणार. माझा बाप अंजनगाव सुर्जीला पानमळा करायचा. वेल मांडवाच्या खांबाला बांधायची गाठ त्याची. खेचली तर घट्ट, बोटानं दाबली तर सुटते. टॉवरच्या सहाही ताणांच्या टोकाला तीच गाठ घालून वर क्लँप बसवले आहेत मी. सहा ताण, म्हणजे टॉवर धरून ठेवणाऱ्या तारा: तीन बाजूंना दोन-दोन, वरचे अन् खालचे. पान्यानं टोला दिला की प्रत्येकाचा सूर वेगळा. वरचे खर्जात, खालचे उंच. सूर उतरला की समजायचं, ढिला पडला.

नि. म्हणाला, "बाबा, तुमी तिथं लटकले होते तवा मी रस्त्यात होतो. बडनेरा ते मूर्तिजापूर फोन कानाले लावून. मले ते परत नाही ऐकाचं."

मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

नंतर सुमनला विचारलं, तुझं काय म्हणणं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "मले इथं बरं वाटते. पोरगी गळ्यात पडते सकाळी." मग थोड्या वेळानं, "तुमाले नाही वाटत ते दिसते मले."

अकोल्याला परतायच्या कुलपाची चावी निलेशजवळ नाही, हिच्याजवळ आहे.

१९ नोव्हें., बुध

सु.ची दाढ काढली काल. गाल सुजला, रात्रभर कण्हली. सकाळी सरांना सांगितलं: सुमनची दाढ काढावी लागली, फार हाल झाले.

सर: "वा वा! झकास! लय चांगलं झालं बबन! फाइव्ह-नाइन!"

दाढ निघाल्याचं अभिनंदन?

सर थट्टेखोर आहेत. पण अशी थट्टा करणारे नाहीत. यांची बायको गेली तेव्हा सु.नं तेरा दिवस डबा पाठवला होता.

परवा काय म्हणालो होतो? घराला गिऱ्हाईक आलं. तेव्हाही "वा वा".

२१ नोव्हें., शुक्र

जे करायला नको होतं ते केलं.

साडेसातला हाक दिली नाही. बटणालाच हात लावला नाही. नुसता हेडफोन कानाला. दोन मिनिटं खरखर. मग सरांचा आवाज: "हो हो, ऐकून राहिलो बबन. फाइव्ह-नाइन! बरं, बरं. तब्येत सांभाळजो."

मी मुका होतो अन् त्यांना शब्द न शब्द कळत होता.

एक कागद घेतला. ६ तारखेपासून आजपर्यंतचं आठवलं. प्रत्येक वाक्य त्यांचं, प्रत्येक "बरं, बरं". एकाही ठिकाणी माझ्या बोलण्याचं उत्तर नाही.

रेडिओच्या जगात ही रीतच आहे. समोरचा कुजबुजल्यासारखा आला तरी फाइव्ह-नाइन द्यायचं, शिष्टाचार म्हणून. मीच एक अकोल्यात बदनाम: खरा आकडा देतो म्हणून. फाइव्ह-फोर, फोर-थ्री. लोक रागवायचे. आता माझ्या वाट्याला शिष्टाचार.

पंधरा दिवस बाल्कनीत भिंतीशी बोललो.

२२ नोव्हें., शनि

फोन केला. रागानं.

"सर, काल मी बोललोच नाही."

पलीकडून नुसतं खाकरणं.

"सर?"

"तुले काय सांगू गा. पयल्या दिवशी हाक तेवढी ऐकू आली, अर्धी. त्याच्यानंतर नुसती खरखर. बाजूले कोनीतरी सोलर बसवलं, लय आवाज करते ते. तुया आवाज त्याच्याखाली."

"मग फाइव्ह-नाइन काहून?"

"साडेसातले तू बसला असशीन, हे मले मालूम होतं नं. मी नाही म्हटलं असतं तर तू बसला असता का?"

मला नापास करताना या माणसाच्या डोळ्याची पापणी लवली नव्हती.

म्हटलं, "सर, एक काम करा. माझ्या घरी जाऊन टॉवर पाहून या, निलेशच्या तोंडी भंगारवाला आहे. अँटेना अर्ध्यावर आहे, पण आहे नं?"

"उद्या जातो."

२३ नोव्हें., रवि

अकराला सरांचा फोन. घराच्या मागच्या अंगणातून. चौऱ्याहत्तरीचा माणूस, हातात पाना.

"वाजवू?"

"एकेक. फोन तारेजवळ धरा."

पहिला वरचा, ठीक. दुसरा, ठीक. तिसरा, ठीक. खालचा पहिला, ठीक, थोडा थंडीनं चढलेला. दुसरा, ठीक. खालचा तिसरा, कडुनिंबाकडचा.

थप्प.

सूर नाही. ओल्या दोरीला टोला दिल्यासारखा. "सर, परत." थप्प. "सर, तिथून बाजूला व्हा. आत्ता. तार कसायचं टर्नबकल पाहा, लांबूनच."

"अर्धं उघडलं आहे बबन. नवीन ओरखडे आहेत पान्याचे."

खालचे दोन ओढतात, तिसरा ओढत नाही. जोराचा वारा आला तर टॉवर मधे वाकेल अन् शेजारच्या देशमुखांच्या पत्र्यावर. तिथं त्यांची आई बसते उन्हात.

नि.ला विचारलं. खोटं बोलत नाही तो. "भंगारवाल्यानं फक्त निघते का पाह्यलं बाबा. एकच नट."

"एकच नट," मी म्हटलं. मग पहिल्यांदा या घरात आवाज चढवला. नात रडायला लागली. रश्मी तिला घेऊन आत गेली, जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "बाबाले विचारून करायचं होतं. त्यायले ऐकू येते अकोल्याहून."

देशमुखांना फोन करून आईला पुढच्या ओसरीत बसवायला सांगितलं.

२४ नोव्हें., सोम

बॅग भरली. पाना, क्लँप, रेडिओ. पट्टा सापडेना. दिवाणाच्या पोटात, जुन्या गोधड्यांखाली. सु.नंच काढला, पण मला दिला नाही. स्वतःच्या पिशवीत घातला.

"मी बी येतो," ती म्हणाली. "पट्टा माह्याजवळ राहीन."

"सुमन, मी फक्त खालचा ताण कसतो."

"हो नं. मंग पट्टा कायले पाह्यजे?"

बॅगेची चेन ओढली. एसटीत तिनं खिडकी घेतली. मूर्तिजापूर आलं. मग, "भाजीची पिशवी त्या घरी राहिली काय हो? हिरवी?" ती माझी नजर कशावर आहे ते पाहत होती. मी तिच्या पिशवीकडं पाहत होतो.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आधी दोरखंडानं ताण तात्पुरता आवळला, खालूनच. उद्या सकाळी नीट.

२५ नोव्हें., मंगळ. अकोला

सकाळी टर्नबकल. आधी तेल, मग फेरा फेरा. सु. खुर्ची टाकून अंगणात, पट्ट्याची पिशवी मांडीवर. सात फेऱ्यांनंतर टोला दिला. मला वाटलं झालं.

सु. म्हणाली, "सूर खाली वाटते अजून. बाकीच्या दोघायवानी नाही."

मी वळून पाहिलं. चाळीस वर्षं ही बाई स्वयंपाकघरात होती अन् मी बाहेर तारा वाजवत होतो. हिनं कधी ऐकलं?

पाव फेरा आणखी. टोला. तिनं मान डोलावली. बरोबर होतं.

साडेसातला जुनी केबल रेडिओला लावली. पाचच वॅट. हाक दिली. सर पलीकडं, जठारपेठेत.

"सर, खरा आकडा द्या. शिष्टाचार नाही."

"फाइव्ह-सेव्हन, बबन."

आजवर मिळालेल्या फाइव्ह-नाइनपेक्षा चांगला वाटला. पण सात. दोन कमी का, ते दोघांनाही माहीत. वर कप्पीत दोरी अजून अडकलेली, अँटेना अर्ध्यावर. चढल्याशिवाय सुटत नाही.

सर म्हणाले, "सात लय झाले गा."

मी टॉवरच्या पायथ्याशी. वर पाहिलं. मग सु.कडं. ती आधीपासून माझ्याकडंच पाहत होती, दोन्ही हात पिशवीवर.

डॉक्टर घर पाहायला पाच वाजता येणार, नि. कागद घेऊन. रेडिओच्या लायसन्सवर अजून इथलाच पत्ता आहे.

"चहा ठेवू का?" ती म्हणाली.

"बिनसाखरेचा," मी म्हटलं.

या वेळी हसली. पण उठताना पिशवी सोबत घेऊन गेली.