आईच्या डोळ्यासाठी केलेली बचत

३ जानेवारी, लोझान
यंदा आरोग्यविम्यात सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतला. वर्षातले पहिले अडीच हजार फ्रँक दवाखान्याला आपण द्यायचे, पुढचं कंपनी बघेल. हप्ता मात्र महिन्याला सव्वाशेने कमी. मी आजारी पडतच नाही, म्हणजे हे सव्वाशे चक्क फुकटचे. ते आईच्या मोतीबिंदूला. सरकारी रांगेत तिचा नंबर लागेपर्यंत वर्ष जाईल. ऑक्टोबरपर्यंत खाजगीत करून देतो, असं ताईला पोर्तुगालला फोन करून सांगितलं. ग्रासिएतताई म्हणाली, "बघू." ह्या बाईला कशाचं कौतुकच नाही.

१९ मार्च
बचत उत्तम चालू आहे. बाजूला काढलेली नाही, पण मनात पक्की आहे. मधल्या मधे गाडीचे ब्रेक केले, तेवढे उसने.

८ जून
शेजाऱ्यांकडे भरपूर चीज खाल्लं. उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं. बायको ओदिलिया म्हणाली, डॉक्टरकडे जा. तिला समजावलं, आत्ता गेलो तर सगळी बचत पाण्यात. ती म्हणाली, "दुखणं काय विम्याचे कागद वाचून येतं?" गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवा झालो. दुखत होतं.

१५ ऑगस्ट, गावी
जत्रा. वर्गणीदारांची नावं स्पीकरवरून वाचतात. फ्रान्सहून आलेल्या बाझिलियूने चारशे युरो दिले, म्हणून मला पाचशे द्यावे लागले. स्वित्झर्लंडची अब्रू होती. माझं नाव दोनदा वाचलं. आतषबाजी सुरू झाली तेव्हा आईने विचारलं, "कुठल्या बाजूला उडतायत रे?" मी तिची मान धरून वळवली. ताई म्हणाली, "तुझ्या वहीत आईला दिसायला लागलं असेल, घरात कधी दिसणार?" चारचौघांत बोलायची ही पद्धत नव्हे.

२ नोव्हेंबर
ऑक्टोबर कामाच्या गडबडीत गेला. आईचं आता ख्रिसमसपर्यंत नक्की. पोटाचं दुखणं दोनदा उलटलं. हुशारी अशी की पुढच्या वर्षासाठी जुना, पहिले तीनशेच आपण द्यायचे तो प्लॅन परत घ्यायचा आणि मग निवांत आजारी पडायचं. अर्ज कंपनीकडे ३० तारखेपर्यंत पोचायला हवा. वेळ भरपूर आहे.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी सव्वापाच
अर्ज रजिस्टर पोस्टाने टाकला. खिडकीवरची बाई म्हणाली, "आज नाही पोचणार." पण पत्रावर तारीख आजची आहे. कंपनीतही माणसंच बसतात.

९ डिसेंबर
कंपनीचं अतिशय नम्र पत्र. पोचल्याची तारीख धरतात. म्हणजे पुढच्या वर्षीही अडीच हजार माझेच. ओदिलिया म्हणाली, "बैल गेला आणि झोपा केला." शेवटी तिनेच हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. पित्ताशयात खडे. किती दिवस दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, परवापासून. ती म्हणाली, जूनपासून. तपासण्यांचेच नऊशे झाले. ऑपरेशन जानेवारीत, म्हणजे नवं वर्ष, नवे अडीच हजार.

११ जानेवारी
ऑपरेशन झालं. ताईचा फोन. आईने माझी वाट न बघता पेन्शनमधले आणि चेस्टनट विकून आलेले पैसे साठवले होते म्हणे. डोळ्यासाठी वीस तारीखही घेतली होती, कोणाला न सांगता. माझं कळल्यावर ती रद्द केली. "एका डोळ्याने दिसतं तेवढं पुरे, पोराचं आधी." ताई एवढंच बोलली, टोमणा मारला नाही. त्याने जास्त लाज वाटली.

मी काही इतका गेलेलो नाही. तिचे पैसे साफ नको म्हणायला लगेच आईला फोन लावला. तिने आधी विचारलं, जेवलास का, पथ्याचं काही मिळतं का तिकडे. मग म्हणाली, "खात्याचा नंबर सांग. हळू सांग बाळा, मोठं मोठं लिहावं लागतं मला."

एकवीस आकडे-अक्षरं आहेत. मध्ये तिची ओळ चुकली, म्हणून परत पहिल्यापासून सांगितला.