परत बोलावलेली गाडी

६ फेब्रुवारी

प्रिय उंट्या,

तुला आणि सूनबाईला खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो आणि मी त्याच्या मागोमाग. मागच्या खोलीची खिडकी आता नीट लागते, सुताराला एकदाची सवड मिळाली. फोनवर तुला नेहमी घाई असते आणि मला बोलता बोलता विसरायला होतं, म्हणून हे पत्र. तू यायला हवंस असं काही नाही. नुसती बातमी.

बातमी बाबांच्या गाडीची आहे. हो, त्या लाल गाडीचीच. "साठी उलटली की माणसं काठी घेतात, आमच्या दादानं स्पोर्ट्स कार घेतली," असं तुझी आत्या अजून येईल त्याला सांगते. पूर्वी हसून सांगायची, आता सांगता सांगता पदर डोळ्यांना लावते. बाबांनी ती चालवली किती, तर एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा.

तर कंपनीचं पत्र आलं. वर मोठ्या अक्षरांत 'रिकॉल'. आता तुला हसू येईल. आमच्या शाळेत भूगोलाच्या सिस्टर धडा संपला की फळा स्वच्छ पुसायच्या, हाताचा खडू झटकायच्या आणि म्हणायच्या, "रिकॉल!" मग जे पुसलं ते एकेकीनं उभं राहून आठवून सांगायचं. नद्या, डोंगर, बंदरं. मला रिकॉल म्हणजे तेवढंच ठाऊक. मला वाटलं, कंपनीला बाबांविषयी काही आठवून हवं आहे. केवढी मायेची माणसं, असंसुद्धा मनात आलं बघ.

दोन दिवसांनी शोरूममधल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमची गाडी कंपनीनं परत बोलावली आहे."

म्हटलं, मालक गेला म्हणून गाडी नेतात की काय! मी तिला ठणकावून सांगितलं, "गाडी मिळणार नाही. ती आमची आहे."

"तुमचीच आहे हो मॅडम. देऊ नका, फक्त आणा. ड्रायव्हरच्या सीटखालची वायर घासते, ती बदलायची आहे. ठिणगी पडू शकते. सगळ्यांच्याच गाड्या बोलावल्यात."

"आमची कुठे जात नाही. पोर्चमध्ये उभी असते."

"उभी असली तरी मॅडम."

मग त्यांचा ड्रायव्हर न्यायला आला. बुटका, गोलमटोल, आल्या आल्या सीट पुढे घ्यायला निघाला. मी त्याला दारातच अडवलं. म्हटलं, सीटला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "आजी, मग पाय काय घरून लांब करून आणू?" शेवटी दिवाणावरच्या दोन उशा त्याच्या पाठीशी दिल्या, तेव्हा स्वारी निघाली. आमच्या उशा मिरवत ती लाल गाडी गल्लीतून गेली. बाबा असते तर रागावले असते, आणि मग हसले असते.

गाडी गेली आणि संध्याकाळी तशीच परत आली. पार्ट आलेला नाही म्हणे.

बाकी सगळं ठीक. सूनबाईचा खोकला थांबला का? तिला सांग, आईनं विचारलंय.

तुझी,
आई


२७ फेब्रुवारी

प्रिय उंट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं नाही. पोस्टाचा हल्ली काही भरवसा नाही आणि तुलाही कामं असतात. माझं काही अडलेलं नाही.

गाडीचं प्रकरण मात्र अडलंय. मी आणि ती शोरूम, आमचं आता चांगलंच जमलंय. आठवड्यातून एकदा जाते. काचेची भिंत, थंडगार हवा, एक कॉफीचं मशीन जे बटण दाबल्यावर आधी कॉफी सोडतं आणि मग कप. तिथे एक टायवाला मुलगा आहे, सर्व्हिसचं सगळं तो बघतो. त्याचं एकच वाक्य, "मॅडम, मंडेला नक्की." मी एकदा म्हटलं, "बाळा, तुमच्या कॅलेंडरात सोमवार किती लांब असतो?" तेव्हापासून मला बघितलं की तो आधी टाय सरळ करतो.

परवा पार्ट आला. गाडी गेली, मीही मागून रिक्षानं गेले. टायवाल्यानं सीट मागेपुढे करून पाहिली तशी मी ओरडलेच. तो दचकला. म्हणाला, "अहो मॅडम, काही होत नाही. हे बघा, इथे दारावर एक, दोन अशी बटणं आहेत. एक दाबलं की सीट साहेबांच्या जागी. त्यांची सेटिंग सेव्ह आहे." आणि खरंच, सीट हलकेच सरकली, पाठ जरा कलली, आरसे वळले. म्हणजे मी त्या उशा उगाचच दिल्या.

मग आतून मेकॅनिक आला. हात पुसत म्हणाला, "पण या रिकॉलमध्ये सीटचा सगळा कंट्रोलच बदलतो. जुनं सगळं पुसलं जाणार." वर मला दिलासा म्हणून, "नवीन लावून घ्या की. त्यात काय?"

मी म्हटलं, गाडी आत्ताच्या आत्ता घरी पोचवा.

टायवाला माझ्या मागे मागे दारापर्यंत आला. "मॅडम, फुकट आहे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ही वायर अशी ठेवून गाडी चालवता येणार नाही."

"कोण चालवतंय? मला येत नाही, आणि दुसरं कोणी नाही."

"मग ठेवून उपयोग काय?"

काय सांगू मी त्याला? तुला सांगते. सूनबाईला वाचून दाखवू नकोस, ती काळजी करत बसेल.

रोज दुपारचा चहा झाला की मी किल्ली घेऊन पोर्चमध्ये जाते. किल्ली बाबांचीच, तिला त्यांची ती चामड्याची पट्टी आहे अजून. त्यांच्या बाजूचं दार उघडलं की गाडीला वाटतं तेच आले. सीट आपणहून सरकते. आधी थोडी मागे, मग खाली, मग पाठ कलते. ते बसताना जसा एक सुस्कारा सोडायचे, अगदी तेवढा वेळ लागतो तिला. मग मी दार लावते, वळसा घालून माझ्या जागेवर जाऊन बसते. बोलत वगैरे नाही, घाबरू नकोस. नुसती बसते. घरात त्यांची खुर्ची आहे, चष्मा आहे, कपडे आहेत. पण ती सगळी जिथल्या तिथे पडून असतात. त्यांच्यासाठी हलून जागा करतं असं घरात दुसरं काहीच उरलेलं नाही रे.

आणि ते म्हणतात पुसून टाकू. फळा पुसतात तसा.

बसल्या बसल्या काहीबाही आठवतं. जुन्या गाडीत तू फिरून आलास की दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पोर्चमधून ओरडायचे ते आठवतं का? "या उंटानं पुन्हा सीट पार मागे नेऊन ठेवली! माझे पाय पोचत नाहीत!" सगळ्या गल्लीला कळायचं आमचा मुलगा किती उंच झालाय ते. ते ओरडणं म्हणजे निम्मं कौतुकच होतं.

आणि या नव्या गाडीचं एक गमतीचं. ते आजारी पडायच्या थोडं आधी, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर हे गाडीत बसलेले, दार उघडं, इंजिन बंद, आणि सीट मागे, मागे, अजून मागे. पाय लहान मुलासारखे अधांतरी. मी म्हटलं, "काय, गाडी नव्यानं शिकताय का?" म्हणाले, "मापं घेतोय." मला वाटलं सीटकव्हर शिवणार असतील. ते काही शिवलं गेलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

जुन्या गाडीचा विषय निघालाच आहे तर त्या दिवसाचंही लिहिते, नाहीतर तो विषय आपल्या दोघांच्या मध्ये तसाच उभा राहतो. ती गाडी तू भिंतीवर घातलीस, तुला आणि सूनबाईला खरचटलंसुद्धा नाही, यापलीकडे मला काही नको होतं. पण बाबा सूनबाईसमोर बोलले. "माझ्या सीटवर पुन्हा बसायचं नाही." तू किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवलीस आणि गेलास. तुम्ही दोघंही शब्दाचे पक्के. त्यांनी बोलावलं नाही, तू आला नाहीस. बाबा गेले तेव्हा आलास, मागे उभा राहिलास, आणि संध्याकाळी बॅग घेऊन निघालास तेव्हा पोर्चमध्ये त्या लाल गाडीला केवढा लांबचा वळसा घातलास. मी दारातून बघत होते.

असो. यायची काही गरज नाही. तू तुझ्या घरी सुखी आहेस, मला पुष्कळ आहे.

आई


१९ मार्च

माझ्या उंट्या,

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी हे वाच.

काल टायवाला घरी आला होता. बरोबर तो मेकॅनिक, आणि त्याच्या हातात शिंप्याकडे असते तशी टेप. मी म्हटलं, "आता काय माझं माप घेताय?" टायवाल्यानं टाय सरळ केला. "मॅडम, मला एक सुचलंय. साहेबांची सीट आम्ही मोजून घेतो. मागून किती, खालून किती, पाठ किती कलते. वायर बदलली की परत तशीच लावून देतो. मग तरी रिकॉल करू द्याल?" त्याला कारण कोणी सांगितलं ठाऊक नाही. मी तर सांगितलं नव्हतं. शेजारची बाई गच्चीवरून मला रोज बघते, तिनंच सांगितलं असणार.

पोरगा मोजायला बसला. मेकॅनिक आकडे सांगतोय, हा मोबाइलवर टिपतोय. एक नंबर झाला. मग त्यानं सहज विचारलं, "आणि दोन नंबर?"

मी म्हटलं, "दोन कोणाचाच नाही. मला गाडी येत नाही."

"नाही मॅडम, दोनवरपण सेव्ह आहे." आणि त्यानं बटण दाबलं.

सीट मागे गेली. मला वाटलं आता थांबेल. थांबली नाही. मागे, अजून मागे, पार शेवटपर्यंत. स्टिअरिंग वर उचललं गेलं. आरसे वर वळले. मेकॅनिक हसला. "बाप रे, हा कोण बसायचा? ताडमाड दिसतोय."

मी पोर्चच्या पायरीवर बसले. मेकॅनिकला वाटलं मला चक्कर आली, त्यानं धावत जाऊन पाणी आणलं.

मापं घेतोय, म्हणाले होते. सीटकव्हरची नव्हती रे ती. तुझी होती. तू जुन्या गाडीत सीट कुठवर न्यायचास ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं, कितीतरी वेळा सकाळी ओरडत त्यांनी ती पुढे ओढली होती. स्वतःचे पाय अधांतरी ठेवून त्यांनी तुझी जागा लावली आणि बटण दाबलं.

आणि बघ, माणूस केवढा हट्टी. माझ्या सीटवर पुन्हा बसायचं नाही, हा शब्द त्यांनी मोडला नाहीच. एक नंबर त्यांचा तो त्यांचाच ठेवला. त्याच सीटमध्ये तुझी सीट वेगळी केली. आता तुला बोलवायचं तेवढं राहिलं होतं. पुढच्या महिन्यात, सणासुदीला, कधीतरी, असं मनात असेल. त्यांच्या मनात सगळं असायचं, तोंडात यायला उशीर व्हायचा. मग आजारपण आलं आणि आवाजच गेला. हॉस्पिटलात माझ्या तळहातावर बोटानं काहीतरी दोन रेघा मारत होते. मला वाटलं पाणी हवंय. दोन म्हणत होते का, हे मला आता कधीच कळायचं नाही. नसेलही. पण मी पाणी देत राहिले.

टायवाल्यानं हळूच विचारलं, "मॅडम, दोन नंबरपण मोजून घेऊ?"

मी म्हटलं, "नको. तो माणूस आहे. तो स्वतः येऊन बसेल."

आणि त्याला म्हटलं, गाडी आत्ताच घेऊन जा. इतके दिवस मी अडून बसू शकले ते गाडी कोणी चालवणार नव्हतं म्हणून. पण ज्या सीटवर तुला बसवायचं तुझ्या बापाच्या मनात होतं, तिच्याखाली ठिणगीची वायर मी कशी ठेवू?

गाडी आज दुपारी आली. चहा झाल्यावर मी नेहमीसारखी गेले. किल्लीनं दार उघडलं. सीट सरकली, थोडी मागे, मग खाली, मग पाठ कलली. माप चुकलेलं नाही, पोरानं जीव ओतून काम केलंय. मी माझ्या जागेवर जाऊन बसले आणि फार वेळ बसवलं नाही. सगळं जिथल्या तिथे आहे, पण ते आता त्यांनी लावलेलं नाही. सिस्टर म्हणायच्या, फळा पुसल्यावर जे उरतं तेच तुमचं. लहानपणी मला वाटायचं, ही शाबासकी आहे. आज कळलं, त्या बाई सांत्वन करत होत्या.

मग मी दोन नंबर दाबून पाहिला. सीट हलली नाही. तिला तुझं काहीच आठवत नाही आता. जे आहे ते मला आठवतं, आणि ते मी तुला लिहिलं.

आधीच्या दोन्ही पत्रांत मी लिहिलं की तू यायला हवंस असं काही नाही. ते खरं नव्हतं. बाबांनी बोलावलं होतं तुला. निरोप माझ्याकडून पोचायला उशीर झाला, एवढंच. त्यांच्यावरचा राग ठेवायचा असेल तर ठेव, तो घेऊनच ये, मागच्या सीटवर जागा आहे.

टायवाला म्हणतो, दोन नंबर लावायला कोणीतरी बसावं लागतं. बसायचं, सरकवायचं, पाय पोचले की बटण दाबायचं. रिकाम्या सीटवर ते होत नाही.

सूनबाईला आणि तुला, दोघांना पोटभर आशीर्वाद.

शेजारच्या सीटवर बसून वाट बघणारी,
आई